भिंगारदिवे सरांचं गंधक

भिंगारदिवे सरांच्या खोलीत जायचं तर आधी हात धुवावे लागत. नुसते पाण्याखाली धरून नव्हे, राख लावून, कोपरापर्यंत, नखं घासून. मग सर तुमचा हात आपल्या नाकाशी नेऊन हुंगत. खोबरेल तेलाचा वास आला की पुन्हा राख. आमचा शिपाई एकदा डोक्याला चपचपीत तेल लावून आत शिरायला लागला, तर सरांनी त्याला उंबऱ्यावरच अडवलं आणि स्वतःचा रुमाल त्याच्या डोक्याला घट्ट बांधला.

"आत ऑक्सिजनचा सिलिंडर आहे," ते म्हणाले आणि श्वास घ्यायला थांबले. सरांचं कुठलंच वाक्य एका दमात पुरं होत नसे. "तेल आणि दाबातला ऑक्सिजन... यांची गाठ पडली की... माणसं मधे उरत नाहीत."

शिपाई त्यानंतर त्या खोलीकडे फिरकला नाही.

ही गोष्ट सत्तरनंतरच्या दोन-तीन वर्षांतली. श्रीरामपूरपासून एसटीनं अर्ध्या तासावर आमचं कॉलेज नुकतंच निघालं होतं. चहूकडे ऊस, मधे कॉलेजची दगडी इमारत, आणि मागच्या बाजूला पत्र्याची एक जुनी खोली. ती खोली सरांनी मागून घेतली होती. मी वनस्पतिशास्त्र शिकवायचो, ते रसायनशास्त्र. वयानं ते माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठे. मला नावानं कधी हाक मारली नाही. "काय बॉटनी?" एवढंच.

मूळचे ते पाथर्डीकडचे. वडिलांनी छप्पन साली धम्म घेतला तेव्हा सर पुण्यात एम.एस्सी. करत होते. स्टाफरूमच्या माठाशेजारी ते स्वतःचा काचेचा पेला ठेवत. तसं करा म्हणून कोणी सांगितलं नव्हतं. आणि कशाला आणलात, असंही कोणी म्हणालं नाही.

उंच, वाकलेले, छाती आत गेलेली. वर्गात शिरले की आधी खिडक्यांकडे बघत आणि वारा कुठून येतोय ते पाहून तिकडे तोंड करून उभे राहत. मग फळा पाठीमागे पडला तरी चालेल. गॅदरिंगला कोणी उदबत्ती लावली की हळूच उठून बाहेर जात. पोरांना हे मोठं विनोदी वाटे. सरांच्या वाक्यातली रिकामी जागा मागच्या बाकावरून कोणी तरी भरून काढी आणि वर्ग हसे. सरही हसत. "बरोबर," म्हणत. "तुझा श्वास चांगला आहे. तूच सांग पुढचं."

श्वास कुठं गेला ते त्यांनी मला एकदाच सांगितलं, कॉलेजातून घरी चालत जाताना, चार ठिकाणी थांबत.

परराज्यात जस्ताच्या कारखान्यात ते बारा वर्षं होते. जस्ताच्या खनिजात गंधक असतं. ते काढून टाकायला खनिज भट्टीत भाजतात आणि गंधकाचा धूर होतो. तो धूर धरून त्याचं आम्ल करायचं अशी रीत. पण जुन्या भट्ट्या, फाटलेल्या नळ्या. जो धूर धरला जात नाही तो माणसांच्या छातीत जातो.

"आमच्या पाळीला भंवर म्हणून एक जण होता," सर म्हणाले. "गाणं म्हणायचा. आधी त्याचं गाणं गेलं... मग बोलणं... मग तो. मी शिकलेला, म्हणून माझी खुर्ची लांब होती. एवढाच फरक."

नोकरी सोडताना निरोपाला शाल नको म्हणाले, खनिजाची एक गोणी द्या म्हणाले. ती करड्या, जड पुडीची गोणी रेल्वेनं श्रीरामपूरला आली. स्टेशनवरच्या हमालांना वाटलं, मास्तरांनी सिमेंट आणलं.

सरांना भट्टीच नको होती. त्यांचं म्हणणं असं की खनिज न भाजता आम्लाच्या पाण्यात घालायचं, बंद भांड्यात, दाबाखाली ऑक्सिजन देऊन तापवायचं. जस्त पाण्यात उतरतं आणि गंधकाचा धूर न होता नुसतं गंधक उरतं. पिवळं, घट्ट, हातात धरता येईल असं. धूर नाही. कोणाचं गाणं जायला नको. परदेशात यावर काम चाललंय असं त्यांनी वाचलं होतं, पण तिथंही एका जागी गाडी अडली होती, आणि ती कुठं अडली हे मला समजावं म्हणून त्यांनी सुमनवहिनींना चिक्की करायला लावली.

वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, चुलीशी गूळ विरघळवत होत्या. सरांनी शेंगदाणे त्यात टाकले.

"हे शेंगदाणे म्हणजे खनिजाचे कण. हा पाक म्हणजे वितळलेलं गंधक. भांडं गार ठेवलं तर काम इतकं हळू चालतं की... माणूस म्हातारा होतो. तापवलं तर गंधक वितळतं आणि कणांवर असा पाक चढवतं. आत आम्ल पोचत नाही. सगळं थांबतं."

"मग आणखी तापवा," मी म्हणालो.

"आणखी तापवलं की गंधक काकवीसारखं दाट होतं. मग तर विचारूच नका. मधे एवढीशी फट आहे, बॉटनी. तेवढ्यात आपल्याला संसार करायचाय."

"आणि शेंगदाणे महाग झालेत," वहिनी म्हणाल्या. "उद्या मुरमुरे घ्या समजावायला."

भांडं केलं ते गेनू मिस्त्रीनं. साखर कारखान्याच्या बॉयलर हाउसमधून नुकताच निवृत्त झालेला, ठेंगणा, पोट सुटलेला, सदा तंबाखू मळणारा माणूस. सरांनी नकाशा दाखवला तेव्हा त्यानं तो उलटा धरून बराच वेळ पाहिला आणि म्हणाला, "सर, ह्ये लई वाकडं काम हाय. ह्याच्यापरीस भट्टी बांधून देतो."

"भट्टीच नकोय, गेनूभाऊ."

"व्हय, पन मला भट्टी येती."

तरी त्यानं केलं. वाफेच्या जाड नळाचा तुकडा, दोन्ही तोंडांना बोल्टांची झाकणं, आत काचेची बरणी. वरच्या झाकणातून एक बारीक नळी निघायची. तिच्या एका फाट्याला दाब दाखवणारा काटा आणि दुसऱ्याला सिलिंडरमधून वायू भरायची आणि काम झालं की तो सोडायची चावी. सगळं एका लोखंडी चौकटीत टांगलेलं, दांड्यानं हलवायचं. खाली वाळूची पेटी आणि सिलिंडरपासून लांब ठेवलेले रॉकेलचे स्टोव्ह. आम्ही त्याला पाळणा म्हणत असू. गेनू दांडा हलवत बसे आणि सर वाऱ्याच्या बाजूनं स्टुलावर बसून थर्मामीटरवर लक्ष ठेवत. काम संपलं की गेनू साखळीनं भांडं उचलून शेजारच्या हौदात सोडी. पाणी फुसफुसे, भांडं गार होई, मग झाकण उघडायचं.

आणि आत दरवेळी लाडू. आवळ्याएवढे, सुपारीएवढे, काळपट पिवळे, दगडासारखे टणक. सर ते खिडकीत ओळीनं मांडून ठेवत. साबण घालून पाहिला, डिंक घातला, रिठे घातले, मळी घातली. खिडकी भरली. गेनू एकेक लाडू हातात घेऊन वजन बघे आणि म्हणे, "बारसं झालं की, सर. आता नावं ठिवा ह्यांची."

सर रागावलेले मी पाहिले नाहीत. गंधकावर तर कधीच नाहीत. "वाईट नाही ते," म्हणत. "लाडिक आहे. कुणालाही चिकटतं."

एक दिवस त्यांनी मला विचारलं, "तुरट साल कुठल्या झाडाची, बॉटनी? तिकडे कारखान्यात खनिज धुताना एका परदेशी झाडाचा अर्क घालत. कण मग पाण्याला धरून राहत. गंधकाऐवजी पाण्याला धरून राहिले तर..."

"बाभूळ," मी म्हणालो. त्यात हुशारी काही नव्हती. आमच्या भागात कातडी कमावणारे तीच वापरत, आणि बांधाबांधावर बाभळी होत्या.

वहिनींनी साल कुटली, उकळली, गाळली. तांबडं, कडू पाणी निघालं. सरांनी त्यातलं थोडंसं बरणीत घातलं. त्या दुपारी गेनूनं भांडं उघडलं, आत हात घातला आणि तसाच थांबला.

"सर," तो म्हणाला, "लाडू न्हाई."

सरांनी वाकून पाहिलं. तळाशी वाळूसारखी पूड होती. ओली, करडी-पिवळी. सरांनी ती बोटांत चोळली, ती सुटी झाली. मग ते जमिनीवर बसले आणि हसायला लागले. हसताना खोकला आला, खोकताना डोळ्यांत पाणी आलं, आणि गेनू त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "हळू, सर. हळू. कुटं जात न्हाई ती पूड." तहान लागली तेव्हा दोघं सरांच्याच पेल्यातून पाणी प्याले.

आणखी दोनदा करून पाहिलं. दोन्ही वेळा पूडच.

पुढच्या कामाला मदत मिळेल का म्हणून सर मुंबईला कुठल्याशा सरकारी कचेरीत जाऊन आले. कोटाच्या एका खिशात पुडीची बाटली, दुसऱ्यात सालीचा तुकडा. परत आले तेव्हा मी एसटी स्टँडवर गेलो होतो.

"काय म्हणाले?"

"भांडं कशाचं, विचारलं. सांगितलं, वाफेच्या नळाचं... तर तिथला साहेब हसला. वाईट माणूस नव्हता. म्हणाला, मूठभर पुडीवर मी वर काय सांगू? मोठा घाणा काढा, मग या."

तेव्हा दुष्काळ पडला होता. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, पुढच्या वर्षी होईल. दुसऱ्या वर्षी कोणी काही म्हणेना. ऊस वाळून गेला, कारखान्याचं धुराडं हंगामातच थंड पडलं. घोडेगावच्या बाजारात लोक बैल नेत आणि गिऱ्हाईक नाही म्हणून परत आणत. पुढं परत आणायचेही बंद झाले. वर्गात आठ-दहा पोरं उरली, बाकीची आईबापांबरोबर खडी फोडायला गेली. सरांचा वर्ग आता हसत नसे. प्रयोगशाळेचे नळ कोरडे होते. पाळण्याशेजारच्या हौदात तडे गेले होते. टँकर एक दिवसाआड येई आणि ते पाणी पिण्यापुरतंही पुरत नसे.

मोठा घाणा सरांनी त्याच उन्हाळ्यात काढला. मी थांबा म्हणालो होतो. गेनूही म्हणाला, "पाऊस हू द्या, सर. हौद भरू द्या." सर म्हणाले, "पावसापर्यंत मी असेन का, ते बघायला हवं." ते खरंच होतं. त्या दिवसांत दोन पायऱ्या चढल्या तरी त्यांचे ओठ निळे पडत.

भांड्यात नेहमीच्या चौपट खनिज भरलं. सकाळपासून गेनूनं दांडा हलवला, मधून मधून मीही हलवला. माल जास्त, म्हणून वेळही जास्त दिला. दुपारी स्टोव्ह बंद केले. आता भांडं गार करायचं होतं.

वहिनी दारात दोन घागरी घेऊन उभ्या होत्या. सकाळीच टँकरवर भांडून भरून आणलेल्या.

"हे ओता," त्या म्हणाल्या. "आपलं भागवू कसंही."

"नाही," सर म्हणाले. "माणसांच्या तोंडचं पाणी... लोखंडाला पाजायचं नाही. हवेवर होईल गार. वेळ लागेल एवढंच."

आम्ही थांबलो. काटा हळूहळू खाली येत गेला आणि शून्यावर टेकला. सरांनी चावी फिरवली. काही आवाज झाला नाही.

"आणखी थोडं थांबू," सर म्हणाले.

गेनूनं नळीला हात लावला. झाकणालाही लावला. "सोसतंय की हाताला. काटा शून्यावर हाय, सर. उघडू?"

सरांनी काट्याकडे पाहिलं. "बरं," म्हणाले. "उघडा." आणि तेवढ्यात त्यांना खोकल्याची उबळ आली. ते खिडकीकडे वळले.

पुढं आम्हाला कळलं ते असं. हौदात बुडवलं की सगळं भांडं आधी गार व्हायचं. हवेवर ठेवल्यावर वरची बारीक नळी आणि झाकण आधी गार झालं, खालच्या तापल्या वाळूमुळे भांडं आत कढतच राहिलं, आणि माल जास्त असल्यानं नळीपर्यंत उडालेलं गंधक तिथंच गोठून बसलं. बूच बसावं तसं. काट्याला आतला दाब पोचतच नव्हता; नळीत अडकलेला वायू तेवढा सांध्यांतून झिरपून गेला होता. तो शून्य नळीचा होता, भांड्याचा नव्हता.

तिसरा बोल्ट सैल झाला तेव्हा झाकणाच्या फटीतून कढतं आम्ल आणि वितळलेलं गंधक उसळून बाहेर आलं. गेनू वाकलेला होता.

त्याच्या किंकाळीआधी मला वहिनींच्या घागरीचा आवाज आठवतो. त्यांनी एक घागर उचलून सरळ त्याच्या तोंडावर ओतली, मग दुसरी. मी त्याचं डोकं धरलं होतं. सर गुडघ्यांवर बसून बोटांनी त्याच्या पापण्या उघडत होते. गंधक कातडीवर पिवळं गोठलं होतं, आणि आम्ल पाण्याबरोबर मातीत उतरत होतं. "आणखी," सर म्हणाले. "आणखी पाणी." दोन्ही घागरी संपल्या होत्या. वहिनी रिकाम्या घागरी घेऊन वसतिगृहाकडे धावल्या. तिथला माठही तळाला गेलेला.

गेनू वाचला. डोळे गेले. नगरच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, आशा नाही.

चौकशीत प्रिन्सिपॉलांनी सरांना एक वाट काढून दिली होती: मिस्त्रीनं घाई केली, एवढंच म्हणा. सर म्हणाले, "उघडा असं मी म्हणालो." तेच तीनदा म्हणाले. नोकरी राहिली, खोली गेली. पाळणा भंगारवाल्यानं नेला. तो गाडीवर चढवताना चार माणसं लागली. सर तेव्हा वर्गात शिकवत होते आणि खिडकीकडे पाठ करून उभे होते. वारा त्या बाजूचा असूनही.

भांडं भंगारात जाण्याआधी मी आणि सरांनी ते खरवडलं होतं. झाकण काढलं आणि आत पाहिलं. पूड नव्हती. लाडूही नव्हते. आत उरलं त्याचा एकच काळा-पिवळा ठोकळा झाला होता, छिन्नीनं फोडावा लागला असा. आत कोरं खनिज, जसं घातलं तसं.

सरांनी त्याचा एक तुकडा बोटांत चोळून पाहिला. मग म्हणाले, "साल टिकली नाही. थोड्या वेळाला पुरते ती. जास्त वेळ ठेवलं की... ऑक्सिजन तीही खातो." एवढं बोलून त्यांनी छिन्नी खाली ठेवली.

गेनू घरी आल्यावर सर दर रविवारी त्याच्याकडे जाऊ लागले. गेनूची बायको सरूबाई दार लावून घेत नसे, पण 'आत या' असंही म्हणत नसे. सर ओट्यावर बसत. गेनू आतून चाचपडत बाहेर येई आणि शेजारी बसे. एकदा मी बरोबर होतो. गेनू तंबाखू मळत होता. तेवढं त्याला न बघता येत होतं.

"सर," तो म्हणाला, "येक इचारू? त्या दिशीचं कसं निघालं हुतं? लाडू का पूड?"

सरूबाई भाकरी थापता थापता थांबली.

"पूड," सर म्हणाले.

"सगळी?"

"सगळी. बारीक... पिठासारखी."

गेनूचा चेहरा भाजून आखडलेला होता. त्यावर काय उमटलं ते नीट कळत नव्हतं. तो तंबाखू मळत राहिला. "मंग ठीक हाय," म्हणाला. थोड्या वेळानं आत तोंड करून ओरडला, "ऐकलं का? पूड निघाली हुती."

परत येताना सर सहा ठिकाणी थांबले. मुंबईला ते पुन्हा गेले नाहीत. सालीचं पुढं काही केलं नाही. गोणीत उरलेलं खनिज वहिनींनी परसात खड्डा करून पुरलं; तिथं काही उगवलं नाही.

पुढच्या वर्षी पाऊस झाला. माझी बदली ठरली. निघायच्या दिवशी मी एसटी स्टँडवर सामान घेऊन उभा होतो, तर नगरच्या गाडीत खिडकीशी सर आणि गेनू बसलेले दिसले. महिन्यातून एकदा सर त्याला नगरच्या डॉक्टरांकडे नेत. डॉक्टर दरवेळी तेच सांगत. तरी ते नेत आणि गेनू जाई.

मी खिडकीखाली जाऊन उभा राहिलो. सरांनी मला पाहिलं, हात वर केला. बोलायला दम नव्हता. गेनू शेजारच्या फेटेवाल्या म्हाताऱ्याला मोठ्यानं सांगत होता, "भाजायचं न्हाई, धूर करायचा न्हाई. बंद भांड्यात. आन् पूड कशी? पिठावानी! आमी दोघांनी काढली."

म्हाताऱ्यानं गेनूच्या डोळ्यांकडे पाहिलं, मग सरांकडे. "व्हय का, मास्तर?"

सर पुढच्या बाकाची दांडी धरून बसले होते. त्यांनी एक श्वास घेतला, तो पुरेना म्हणून दुसरा घेतला. कंडक्टरनं घंटी मारली.

"हो," सर म्हणाले. "पिठासारखी."

गाडी हलली. गेनूनं तोंड सरांच्या आवाजाकडे वळवलं होतं आणि तो हसत होता. सर समोर बघत होते.